दक्षता भत्ता

महेंद्र भाटकरचा पगार घटला, तो त्याच्या हातून काही चूक झाली म्हणून नव्हे. त्याला भीती वाटत नव्हती, म्हणून घटला.

खारेवाटच्या लॉकवर तो पहिल्यापासून होता. समुद्राची पातळी वाढत गेली, भरतीचं खारं पाणी खाडीतून आत शिरून भाताची खाचरं जाळू लागलं, तेव्हा खाडीच्या गळ्याशी मोठा बंधारा घातला गेला. बंधाऱ्याच्या वर गोडं पाणी, खाली समुद्राचं. ओहोटीला दोन्हींच्या पातळीत चांगला दोन-अडीच पुरुष फरक पडे. होड्या आणि बार्ज या बाजूच्या त्या बाजूला न्यायच्या, तर मधे एक लांबट काँक्रीटचा हौद केलेला होता आणि त्याच्या दोन्ही टोकांना पोलादी दरवाजे. बार्ज हौदात घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, तळाचे व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडायचं, पाण्याबरोबर बार्ज खाली बसली की पुढचा दरवाजा उघडायचा. हेच लॉक. हौदावरून रस्त्याचा पूल जात होता, उंच डोलकाठीची बोट आली की तोही उचलावा लागे. लॉकचा आणि पुलाचा चालक एकच, वरच्या काचेच्या केबिनमध्ये बसणारा.

या चालकांचा पगार पूर्वी सरळ हिशेबाचा होता. नोकरीची वर्षं, लॉकचा आकार, त्यातून होणारी वाहतूक, पाळी दिवसाची की रात्रीची, आणि वादळाचा बावटा लागला की त्या दिवसांचा वेगळा भत्ता. बंदराजवळचा चालक जास्त मिळवी, आडबाजूच्या पुलावरचा कमी. कुरकुर चालायचीच, पण आपल्याला कमी का आणि दुसऱ्याला जास्त का, हे कुणालाही सांगता येई.

मग दरवाजे आपोआप चालू लागले. कॅमेरे बोटी ओळखू लागले, पाण्यातले सेन्सर पातळी सांभाळू लागले. चालकाने फक्त बघत बसायचं आणि काही बिनसलं तर ताबा घ्यायचा. जलमार्ग मंडळाच्या बैठकीत कुणीतरी विचारलं की नुसतं बघणाऱ्याला एवढा पगार कशाला? आणि तो बघतो तरी कशावरून?

त्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मनगटावर बांधायचा पट्टा आला.

तो पट्टा डॉ. केतकी दाबके यांनी अतिदक्षता विभागातल्या नर्सेससाठी तयार केला होता. माणसावर ताण आला की मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या दोन छोट्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा स्राव रक्तात सोडतात. त्याचा अगदी थोडा अंश घामात उतरतो. पट्ट्याच्या आतल्या चकतीवर कृत्रिम रेणूंचा एक थर होता, आणि त्या रेणूंना खाचा अशा, की त्यांत कॉर्टिसोलच अडकावं, दुसरं काही नाही. किती खाचा भरल्या यावरून ताणाचा आकडा निघे. नाडी आणि हालचाल यांची जोड असल्यामुळे जिना चढल्याचा घाम कुठला आणि धास्तीचा कुठला, हेही पट्ट्याला कळे. थकलेल्या नर्सला वेळेत घरी पाठवावं, एवढाच दाबक्यांचा हेतू होता.

मंडळाने तोच पट्टा उलटा करून वापरला. ज्याच्या अंगात ताण दिसतो तो लक्ष देऊन बसला आहे, ज्याच्या अंगात दिसत नाही तो डुलक्या काढतो आहे. मूळ पगार निम्म्यावर आला. बाकीच्या निम्म्याचं नाव दक्षता भत्ता झालं आणि तो पट्ट्यावरच्या आकड्यावर ठरू लागला. बार्ज आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंत आणि त्यानंतरचा थोडा वेळ, एवढ्याची सरासरी.

महेंद्रचा आकडा जमिनीला टेकलेला असे. इतकी वर्षं ते पाणी बघितलेल्या माणसाला त्याची धडकी कशाने भरणार? नवीन लागलेली पोरं बार्जचा भोंगा ऐकून दचकत आणि महिनाअखेर त्याच्यापेक्षा जास्त घेऊन जात. त्याची बायको नम्रता अंगणवाडीत होती. मुलगी ओवी रत्नागिरीला खाडीच्या जीवशास्त्रात पुढचं शिक्षण घेत होती. घर चालत होतं, पण ओवीला मध्येच थांबवावं लागेल की काय, असं बोलणं आता जेवताना निघू लागलं होतं.

इम्तियाज मुकादम वरच्या एका पुलावर चालक होता, वयाने मोठा आणि युनियनचा सेक्रेटरी. त्याचा भत्ता कायम पुरा निघे. महेंद्रने एकदा त्याला सरळच विचारलं. इम्तियाजने आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला.

"बोट आली की मी माझ्या नातवाला तिच्यात बसवतो. मनातल्या मनात. आणि बोट उलटते. बाकीचं पट्टा बघून घेतो."

महेंद्र हसला. इम्तियाज हसला नाही. तो म्हणाला की सगळेच हे करतात, कुणी आईला बसवतं, कुणी बायकोला, आणि कुणीच दुसऱ्याला सांगत नाही.

पहिल्यांदा महेंद्रने ते केलं तेव्हा हौदात जांभ्या चिऱ्याची बार्ज होती. त्याने ओवीला तिच्या काठावर उभं केलं. लाल कुर्ता घातलेली, पाठीवर सॅक. मग तिचा पाय घसरवला. बार्ज आणि भिंत यांच्यामधली काळी फट त्याला रोजची ओळखीची होती. त्या फटीत लाल कुर्ता गेलेला त्याने बघितला, आणि खुर्चीचे हात घट्ट धरले. बार्ज निघून गेल्यावरही बराच वेळ त्याने ते सोडले नाहीत. पट्ट्यावरचा आकडा त्याने आजवर पाहिला नव्हता इतका चढला होता.

त्या महिन्यात पगार पूर्वीपेक्षाही जास्त आला. ओवीचं शिक्षण थांबलं नाही.

घरातलं मात्र बदललं. सुट्टीला ओवी आली की महेंद्र तिच्याकडे बघायचं टाळू लागला. ती समोर हसत बसलेली असे आणि त्याला फट दिसे. ती आंघोळीला गेली आणि पाण्याचा आवाज थांबला तर तो दाराशी जाऊन उभा राही. नम्रताच्या ते लक्षात आलं. पोरीवर कशाचा राग धरलाय, असं तिने विचारलं. राग नाही, असं तो म्हणाला, आणि ते खरं होतं.

शिक्षण संपल्यावर ओवीला खाडी संशोधन केंद्रात नोकरी लागली. बंधाऱ्याच्या वरचं आणि खालचं पाणी तपासायला नमुने घ्यायचे, त्यासाठी केंद्राने तिला इंजिन लावलेली छोटी फायबरची होडी दिली. महेंद्रने ती नोकरी नको म्हणून घर डोक्यावर घेतलं. ओवीला कारण कळेना. लहानपणी बाबांनीच मला पोहायला शिकवलं, मग आता काय झालं, असं ती आईला विचारत राहिली. शेवटी ती रुजू झाली आणि आठवड्यातून दोन-तीनदा बापाच्याच लॉकमधून जाऊ-येऊ लागली.

आणि त्याच सुमारास आकडा उतरायला लागला.

आधी महेंद्रला वाटलं, चकती जुनी झाली असेल. त्याने नवीन बसवली, तरी तेच. मग त्याने चित्र बदललं. तिला हाका मारायला लावल्या. तिचा हात भिंतीच्या कडीपर्यंत पोहोचवला आणि तिथून सोडवला. चार दिवस आकडा वर गेला, पुन्हा खाली आला. त्याने आणखी भयंकर काही रचलं. तेही चार दिवसच चाललं. तीच भीती पुन:पुन्हा दाखवली आणि खरं काहीच घडलं नाही, तर मेंदू तिला उत्तर देणं बंद करतो. रुळांशेजारी राहणाऱ्याला गाडीचा आवाज ऐकू येईनासा होतो, तसंच हे. महेंद्रला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. एका दुपारी त्याने नेहमीप्रमाणे आपल्या मुलीला पुरती बुडवली, पाणी वर मिटलं, आणि त्याच क्षणी त्याला चहाची तल्लफ आली.

तो तसाच बसून राहिला. आपण आत्ता काय केलं आणि आपल्याला काय वाटलं, हे त्याने स्वतःशी ताडून बघितलं. हातावरचा आकडा हलला नव्हता.

त्यानंतर पंधरवडा गेला असेल. भर ओहोटीची वेळ होती. चिरा भरलेली एक बार्ज वरून आली आणि तिच्या मागून ओवीची होडी हौदात शिरून बार्ज आणि भिंत यांच्यामधे थांबली. मोठ्या बोटीबरोबर लहान होडी घ्यायला परवानगी होती. उतरत्या पाण्यात होडीचा दोर बांधून ठेवायचा नसतो. भिंतीवरच्या खुंट्याला नुसता वळसा द्यायचा आणि पाणी उतरेल तसा हाताने सैल सोडत जायचा. ओवीला हे माहीत होतं. पण नमुन्यांच्या बाटल्यांची पेटी कलंडली, ती सावरायला तिने एका हाताने दोर ओढून धरला, आणि दोराचा फास खुंट्याच्या फुटक्या कडेत जाऊन रुतला.

पाणी उतरत होतं. दोर ताणला. होडीचं नाक वरच लटकून राहिलं आणि मागचा भाग खाली जाऊ लागला. ओवीने फास सोडवायचा प्रयत्न केला, तेवढ्यात ती घसरली आणि होडीच्या काठाला एका हाताने लोंबकळली. कॅमेऱ्याच्या दृष्टीने होडी बार्जच्या सावलीत होती. यंत्रणेला सगळं ठीक दिसत होतं.

महेंद्रने ते पाहिलं. त्याने ताबा घेतला आणि खालचे व्हॉल्व्ह बंद केले. पाणी थांबलं. पण होडी अजून तिरपीच होती आणि दोर तुटला असता तर ती ओवीवर आदळली असती. पाणी पुन्हा वर चढवायला हवं होतं, म्हणजे वरच्या पाण्याच्या बाजूचे व्हॉल्व्ह उघडायला हवे होते. ते एकदम उघडले तर लोंढा येणार, लोंढ्याने बार्ज भिंतीकडे सरकणार, आणि मधे ओवी होती.

त्याने व्हॉल्व्ह किंचित उघडला आणि थांबला. बार्ज चालवणारा सारंग खालून दोन्ही हात हलवत ओरडत होता, लवकर, लवकर. बार्ज थोडी हलली, महेंद्रने व्हॉल्व्ह तसाच धरून ठेवला. ती स्थिरावली तेव्हा आणखी किंचित उघडला. ओवीने मान वर केली. केबिनच्या काचेतून बापलेकीची नजरानजर झाली. महेंद्रने तिच्यावरून नजर बार्जच्या कडेवर नेली, भिंतीपासून अंतर किती राहिलं ते बघितलं, आणि व्हॉल्व्ह आणखी थोडा फिरवला. पाणी चढलं, होडी सरळ होत आली, दोर सैल पडला. बार्जवरच्या खलाशाने ओवीला दंडाला धरून वर ओढलं. तिचं मनगट मोडलं होतं. बाकी ती शाबूत होती.

महेंद्रने बार्ज रीतसर खाली उतरवली, बाहेर काढली, दरवाजे लावले आणि मग इस्पितळात गेला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याची नोंद मंडळाकडे पोहोचली. त्या सगळ्या वेळात महेंद्र भाटकरचा आकडा महिन्यातला सर्वांत कमी होता. यंत्रणेने आपोआप शेरा मारला, कामावर लक्ष नव्हतं, आणि त्याचा भत्ता थांबवला. केबिनमधल्या कॅमेऱ्याचं चित्रण मात्र दाखवत होतं की त्याने एकही चूक केली नाही. दोन्ही खरं कसं असेल, हे ठरवायला चौकशी बसली.

इम्तियाज चौकशीच्या आदल्या संध्याकाळी घरी आला. त्याचं म्हणणं सोपं होतं. पट्टा बिघडला होता एवढंच महेंद्रने म्हणायचं. त्याचा भत्ता परत मिळेल, सगळ्यांचे पट्टे तपासणीला जातील, आणि तोवर सगळ्यांना पुरा पगार द्यावा लागेल. महेंद्रने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

चौकशीच्या खोलीत मंडळाचे अध्यक्ष होते, तज्ज्ञ म्हणून डॉ. दाबके होत्या, मागच्या बाकांवर युनियनचे दहा-बारा चालक होते. प्लॅस्टर घातलेला हात मांडीवर घेऊन ओवी साक्षीदारांच्या खुर्चीवर बसली होती. दाबक्यांनी पट्टा तपासून आणला होता. त्यात दोष नव्हता, असं त्यांनी सांगितलं, आणि इम्तियाजचा चेहरा पडला. पण त्या तिथेच थांबल्या नाहीत. आपलं यंत्र पगारासाठी वापरलं जातं हे त्यांना कधीच रुचलं नव्हतं, आणि ते बोलायची संधी त्यांना आज मिळाली होती. अनुभवी माणूस संकटातही शांत राहू शकतो, त्या म्हणाल्या. भाटकर घाबरले असते तर त्यांनी घाईने व्हॉल्व्ह उघडले असते आणि मुलगी गेली असती. ज्या शांतपणाने जीव वाचवला त्याला दंड कसा करता?

अध्यक्षांना ते पटलं. तसंच लिहून घेऊ, ते म्हणाले, आणि भाटकरांचा गौरव करण्याची शिफारसही करू. मागच्या बाकांवर हलका गलका झाला. ओवी बापाकडे बघून हसत होती. इतक्या वर्षांत ती त्याच्याकडे बघून अशी हसली नव्हती, किंवा हसली असेल तर त्याने पाहिलं नव्हतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. गप्प राहिलं की भत्ता, मान आणि मुलगी तिन्ही त्याचीच.

अध्यक्षांनी रीत म्हणून विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे का?

"मी शांत नव्हतो," महेंद्र म्हणाला. "मला काही वाटलंच नाही."

मग त्याने सगळं सांगितलं. इम्तियाजचं नाव घेतलं नाही. लाल कुर्ता, फट, हाका, भिंतीवरची कडी, एकामागून एक. तो टेबलाकडे बघत बोलत होता. दाबक्यांनी मधेच विचारलं, हे किती वेळा केलंत? मोजलं नाही, तो म्हणाला, बोट आली की दर वेळी. दाबक्यांनी समोरचा पट्टा उचलला आणि हातात धरून ठेवला.  मागच्या बाकांवरून कुणीही म्हणालं नाही की हे खोटं आहे.

बाहेर व्हरांड्यात ओवी त्याची वाट बघत उभी होती. नम्रता तिच्या शेजारी होती.

"म्हणजे इतकी वर्षं आपण माझ्या मरणाचा पगार खात होतो," ओवी म्हणाली.

तो तिच्या हातावरच्या प्लॅस्टरकडे बघत होता.

"आणि मी लोंबकळत होते तेव्हा? तुम्ही बघितलंत माझ्याकडे."

"तेव्हा मी बार्जचं अंतर बघत होतो."

ती जिना उतरून गेली. त्याच आठवड्यात तिने केंद्राच्या क्वार्टरमध्ये सामान हलवलं.

मंडळाने दक्षता भत्ता बंद केला. पगार पुन्हा नोकरीची वर्षं, लॉकचा आकार आणि वाहतूक यांवर आला, पण कापलेला मूळ पगार पुरता भरून निघाला नाही. बहुतेक चालकांच्या हातात आता पूर्वीपेक्षा कमी पडत होतं आणि त्याचं खापर महेंद्रवर फुटलं. मंडळाला फसवल्याबद्दल त्याची बदली नदीच्या वरच्या अंगाच्या एका लहान पुलावर झाली. तिथे वाहतूक कमी आणि म्हणून पगारही कमी. इम्तियाज त्याच्याशी बोलेनासा झाला. पुढे कधीतरी त्याचाच फोन आला. नातवाला घेऊन जत्रेला जाऊन आलो, एवढंच त्याने सांगितलं आणि फोन ठेवला.

दाबक्यांचाही एकदा फोन आला. महेंद्रने त्यांना जे विचारायचं होतं ते विचारलं. सरावलेला मेंदू पुन्हा हळवा होऊ शकतो, त्या म्हणाल्या, पण कधी, आणि पुरता होईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. खोटं आश्वासन त्यांनी दिलं नाही, याचं त्याला बरं वाटलं.

पावसाळा संपला. नदीचं पाणी निवळलं. एके सकाळी महेंद्रच्या पुलाखालच्या धक्क्याला फायबरची होडी लागली. ओवी पायऱ्या चढून केबिनमध्ये आली. वरच्या अंगाचे नमुने घ्यायला आले होते, असं तिने सांगितलं. मनगट बरं झालं होतं, फक्त पावसाळी हवेत दुखायचं. तिने आईची चौकशी केली, पुलावरून दिवसात किती बोटी जातात ते विचारलं. मग काचेतून बाहेर बघत तिने विचारलं, "आता वाटतं काही?"

हो म्हणणं सोपं होतं. ती ते ऐकायलाच इतक्या लांब आली असावी, असंही त्याला वाटलं.

"अजून नाही," तो म्हणाला.

 ती स्टूल ओढून बसली आणि डब्यात काय आहे ते तिने विचारलं. दोघांनी नम्रताने दिलेली भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी वाटून खाल्ली. ओवी पाण्यातल्या क्षारांबद्दल सांगत होती, बंधाऱ्याच्या वर आता पुन्हा गोड्या पाण्यातले मासे दिसायला लागलेत असं म्हणत होती. तो ऐकत होता आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. फट दिसली नाही. दुसरंही काही दिसलं नाही, नुसता तिचा चेहरा.

तिने हात धुतले, सॅक पाठीवर टाकली आणि ती धक्क्याच्या पायऱ्या उतरू लागली. तो दारापर्यंत आला.

"शेवटच्या पायरीला शेवाळ आहे," तो म्हणाला.

ते तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. ओवी थांबली, तिने वळून वर बघितलं, आणि कठडा धरून सावकाश खाली उतरली.